वचनाच्या आधारावर जगलेले जोसेफ स्क्रिवन

आपल्या या पानावर आपण संत-महात्म्यांची चरित्रे नेहमी वाचतो. ज्ञानोबा, तुकोबा, रामदास यांची नावे तर आपल्या घराघरांत आहेत. आज आम्ही एका ख्रिस्ती भक्ताची ओळख वाचकांना करून देणार आहोत. मॉरिशसमध्ये देऊळ, चर्च आणि मशीद एकाच रस्त्यावर उभी असतात. दर सप्टेंबरमध्ये पेर लावाल यांच्या समाधीला जाणाऱ्या गर्दीत सर्व धर्मांची माणसे असतात. शेजाऱ्याच्या सणाला आपण जातो, त्याच्या दुःखातही जातो. मग त्याची श्रद्धा कशावर उभी आहे हेही आपल्याला ठाऊक असावे.

ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेत ‘अभिवचन’ या शब्दाला फार मोठे स्थान आहे. बायबलमध्ये देवाने माणसाला दिलेली वचने आहेत आणि देव आपले वचन मोडत नाही, असा त्यांचा विश्वास असतो. पण मनात एक प्रश्न येतो. देवाने शांतीचे वचन दिले आहे, तर मग चांगल्या भक्तावर दुःखे का कोसळतात? आणि दुःखे कोसळतच असतील, तर त्या वचनाचा उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकी चर्चेपेक्षा एखाद्या माणसाच्या आयुष्यात अधिक स्पष्ट दिसते. म्हणून जोसेफ मेड्लिकॉट स्क्रिवन यांचे चरित्र आम्ही निवडले आहे.

स्क्रिवन यांचा जन्म 10 सप्टेंबर 1819 रोजी आयर्लंडमधील बॅनब्रिज या गावाजवळ झाला. घराणे खाऊनपिऊन सुखी होते. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून त्यांना डब्लिनच्या प्रसिद्ध ट्रिनिटी कॉलेजात पाठवण्यात आले. मध्यंतरी त्यांनी लष्करात जायचे ठरवले आणि लंडनजवळच्या अ‍ॅडिसकम येथील लष्करी विद्यालयात प्रवेश घेतला. हे विद्यालय ईस्ट इंडिया कंपनीचे होते. हिंदुस्थानातील कंपनीच्या फौजेसाठी तेथे अधिकारी तयार होत. प्रकृतीने साथ दिली असती, तर हा तरुण तलवार लावून आपल्या पूर्वजांच्या देशात आला असता. पण प्रकृती बिघडली, लष्कराचा नाद सोडावा लागला, आणि ते पुन्हा डब्लिनला परतले. 1842 मध्ये त्यांनी पदवी घेतली.

पदवी हाती आली, लग्नही ठरले. वधू त्यांच्याच भागातील होती. सर्व तयारी झाली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी ती मुलगी पाण्यात बुडून मरण पावली. ज्या घरात मंगल वाद्ये वाजायची, त्या घरातून तिची अंत्ययात्रा निघाली. स्क्रिवन तेव्हा पंचविशीच्या आसपासचे होते. या आघातानंतर मायदेशात त्यांचे मन रमेना. 1845 च्या सुमारास त्यांनी आयर्लंड सोडले आणि समुद्र ओलांडून कॅनडाची वाट धरली.

आज कॅनडा म्हटले की आपल्यापुढे टोरांटो, माँट्रियलसारखी मोठी शहरे उभी राहतात. आपल्या बेटावरची कितीतरी मुले तेथे शिकायला आणि नोकरीला गेली आहेत. त्या काळचा कॅनडा वेगळा होता. आजचे कॅनडा राष्ट्र 1867 मध्ये अस्तित्वात आले. त्याआधी ती ब्रिटिशांची वसाहत होती. दाट जंगल तोडून शेते करावी लागत. हिवाळ्यात बर्फाखाली रस्ते गडप होत. त्याच वर्षांत आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ आला होता आणि हजारो आयरिश कुटुंबे जहाजांत दाटीवाटीने बसून कॅनडाकडे येत होती. त्यांतले कित्येक जण तापाने वाटेतच दगावले, कित्येक किनाऱ्यावर उतरल्यावर गेले. अशा देशात स्क्रिवन यांनी शिक्षकाचे काम पत्करले. वुडस्टॉक आणि ब्रँटफर्ड या भागांत त्यांनी मुलांना शिकवले आणि बायबलमधील वचने लोकांना समजावून सांगितली. ते प्लिमथ ब्रदरन या पंथाचे होते. या पंथात पगारी धर्मगुरू नसतो. सर्व जण एकमेकांचे बंधू मानले जातात आणि धर्मग्रंथाच्या वाचनाला सर्वाधिक महत्त्व दिले जाते.

पुढे ते पोर्ट होप या गावाच्या परिसरात आले. पोर्ट होप हे ऑन्टारिओ सरोवराच्या उत्तर काठावरचे बंदर, टोरांटोच्या पूर्वेस सुमारे 100 किलोमीटरवर. तेथून उत्तरेला राईस लेक नावाचे दुसरे सरोवर आहे. त्याच्या उथळ पाण्यात एक जातीचे जंगली तांदूळ आपोआप उगवत. तेथील मूळचे आदिवासी लोक होड्यांत बसून ते गोळा करीत. म्हणून त्या तळ्याला तांदळाचे तळे असे नाव पडले. या तळ्याकाठी पेंगेली नावाचे एक निवृत्त नौदल अधिकारी राहत होते. त्यांच्या मुलांना शिकवण्यासाठी स्क्रिवन त्यांच्या घरी राहिले.

येथे असताना, 1855 मध्ये, आयर्लंडहून आई आजारी असल्याची बातमी आली. मधे अटलांटिक महासागर. प्रवास आठवड्यांचा आणि खर्चाचा. आईच्या उशाशी जाऊन बसणे शक्य नव्हते. वाचकहो, ही अवस्था आपल्याला नवी नाही. 1834 पासून आपले पूर्वज गिरमिटावर या बेटावर आले. रत्नागिरीच्या, मालवणच्या बाजूला आपल्या म्हाताऱ्या आया मागे ठेवून ते जहाजात चढले. त्यांतल्या किती जणांना आईचे शेवटचे दर्शन झाले असेल? आई गेल्याची खबरसुद्धा कित्येकांना मिळाली नसेल. लिहिता येणारे थोडे, आणि पत्र पोचवणारा त्याहून विरळा. स्क्रिवन यांना निदान लिहिता येत होते. स्वतः जाता येईना, म्हणून त्यांनी आईसाठी एक लहानसे काव्य रचले आणि पाठवून दिले.

त्या काव्यात त्यांनी आईला उपदेशाचे डोस पाजले नाहीत. येशू हा आपला मित्र आहे, मनावरचे सगळे ओझे प्रार्थनेतून त्याच्यापाशी नेता येते, आणि तसे न केल्यामुळे आपण उगाच शांतीला मुकतो, एवढाच त्याचा आशय होता. छापण्याचा विचार त्यांच्या मनात नव्हता. एका मुलाने एका आईला धीर द्यायचा होता, इतकेच. पुढे ते स्वतः आजारी असताना शेवेला आलेल्या एका शेजाऱ्याला ते काव्य सापडले, तेव्हा हे कोणी लिहिले असे त्याने विचारले. देवाने आणि मी मिळून लिहिले, अशा अर्थाचे काहीसे उत्तर त्यांनी दिले, असे सांगतात.

आता या काव्यामागची अभिवचने कोणती, ते पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू कष्टी आणि ओझ्याने वाकलेल्या माणसांना आपल्याकडे बोलावतो आणि त्यांना विसावा देण्याचे वचन देतो. योहानाच्या शुभवर्तमानात तो शिष्यांना आपले दास न म्हणता मित्र म्हणतो. पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात, चिंता करीत न बसता सर्व गोष्टी प्रार्थनेने देवाला कळवाव्यात, म्हणजे बुद्धीला न उमगणारी शांती मनाचे रक्षण करील, असे सांगितले आहे. हे पत्र पौलाने बंदिवासात असताना लिहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पायात बेड्या असलेला माणूस दुसऱ्यांना शांतीचे वचन ऐकवतो आहे. म्हणजे ही शांती बेड्या तुटल्यानंतरची नाही, बेड्या असतानाची आहे.

जुन्या करारातही हेच दिसते. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात, भक्त पाण्यातून जात असता देव त्याच्या सोबत राहील, असे वचन आहे. पाणी येणारच नाही असे तेथे म्हटलेले नाही. दाविदाच्या तेविसाव्या स्तोत्रातही अंधाऱ्या दरीतून जावे लागते. फक्त मेंढपाळ बरोबर असतो. आमच्या अल्पमतीप्रमाणे सगळ्या गोष्टीचे मर्म येथे आहे. आपण वचनाचा अर्थ चुकीचा धरतो. देवावर भक्ती केली की दुःख दारात येणार नाही, असा करार आपण मनातल्या मनात करून बसतो आणि दुःख आले की देवाने शब्द मोडला म्हणून रुसतो. बायबलमधले वचन सोबतीचे आहे, सुटकेच्या हमीचे नाही. ज्याला हा फरक कळला त्याची श्रद्धा संकटात तुटत नाही.

स्क्रिवन यांना हा फरक नुसता पुस्तकात कळून भागणार नव्हता. काव्य लिहून पाच वर्षे होतात न होतात तोच त्यांच्यावर दुसरा घाव पडला. पेंगेली कुटुंबाच्या नात्यातील एलायझा कॅथरिन रोश या तरुणीशी त्यांचे लग्न ठरले होते. एवढ्या वर्षांनी पुन्हा संसाराची आशा उगवली होती. पण एलायझा आजारी पडली आणि 1860 मध्ये लग्नाआधीच तिचे निधन झाले. तळ्याजवळच्या पेंगेली कुटुंबाच्या स्मशानभूमीत तिला पुरण्यात आले. स्क्रिवन यांनी पुन्हा लग्नाचा विचार केला नाही.

पुष्कळांना वाटते की, दुःख सरल्यावर मागे वळून पाहत त्यांनी ते गीत लिहिले असावे. तसे नाही. पहिले दुःख भोगून झाले होते आणि दुसरे पुढे वाट पाहत होते, अशा मधल्या काळात ते लिहिले गेले. आईला लिहिलेले शब्द आता त्यांच्या स्वतःच्या कसोटीला लागले. दुसऱ्याला धीर देणे सोपे असते. तोच धीर स्वतःच्या अंगावर घेऊन जगणे कठीण असते.

ते कसे जगले, याची साक्ष पोर्ट होपच्या रस्त्यांनी दिली. ट्रिनिटी कॉलेजचा हा पदवीधर हातात करवत आणि लाकूड ठेवायची घोडी घेऊन गावातून जाताना दिसे. कॅनडाच्या हिवाळ्यात सरपण म्हणजे अन्नाइतकीच गरजेची वस्तू. चूल आणि शेगडी विझली तर माणूस गारठून मरेल. धडधाकट पुरुष घरात असेल तर लाकडे कापली जात. पण विधवा बाई, आजारी म्हातारा, यांनी काय करावे? स्क्रिवन त्यांच्या दारी जात, लाकडे कापून रचून देत आणि मोबदला घेत नसत. गावातल्या एका सुखवस्तू गृहस्थाने हा कष्टाळू माणूस पाहून आपल्या घरी लाकडे कापायला त्याला बोलवावे म्हणून चौकशी केली. तेव्हा त्याला कळले की हा माणूस पैसे देऊ शकणाऱ्यांकडे कामाला येतच नाही. ज्यांना मजूर परवडत नाही त्यांच्याकडेच जातो. अंगावरचे कपडेसुद्धा ते गरजूंना देऊन टाकीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. काही लोक त्यांना विक्षिप्त समजत. जगाच्या हिशेबात न बसणाऱ्या भक्तांना लोक असेच समजतात. सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत सोडणाऱ्या तुकोबांनाही काही जणांनी वेड्यातच काढले असेल.

येथे आपल्याला वचनाचा दुसरा भाग दिसतो. देव माझ्या सोबत आहे असे ज्याला खरोखर वाटते, तो स्वतः दुसऱ्याची सोबत करू लागतो. गारठलेल्या म्हातारीला देवाचे वचन करवतीच्या आवाजातून ऐकू येत असेल. आम्ही शिक्षक मंडळी वर्गात पुष्कळ बोलतो; पण मुलांच्या लक्षात राहते ते आपण केलेले काम.

इकडे ते छोटे काव्य आपल्या पायांनी जगभर निघाले होते. 1865 मध्ये अमेरिकेतील एका भजनसंग्रहात ते कवीच्या नावाशिवाय छापले गेले. 1868 मध्ये चार्ल्स क्रोझॅट कॉन्व्हर्स या अमेरिकन वकिलाने त्याला चाल लावली. हे वकील जर्मनीत जाऊन संगीत शिकून आलेले होते. चाल इतकी साधी की लहान मुलालाही एकदा ऐकून म्हणता यावी. पुढे 1875 मध्ये प्रसिद्ध गायक आयरा सँकी यांनी आपल्या संग्रहात ते घेतले आणि मोठमोठ्या सभांतून ते गायले जाऊ लागले. पण कवी कोण? कित्येक पुस्तकांत होरेशियस बोनार या स्कॉटिश कवीचे नाव त्याखाली घातले जाई. खरा कवी पोर्ट होपमध्ये विधवांची लाकडे कापत होता. स्क्रिवन यांनी 1869 मध्ये आपल्या गीतांचा एक संग्रह प्रसिद्ध केला होता, पण आपल्या हयातीत त्यांना या एका गीताचे श्रेय फारसे मिळाले नाही.

आज हे गीत शेकडो भाषांत गायले जाते. फ्रेंचमध्ये आहे, जपानीत आहे; जपानमध्ये तर लग्नातही गातात आणि अंत्यविधीतही. महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतही ते मराठीतून गायले जाते. मराठी मनाला ते परके वाटले नाही याचे कारण आपल्याला सहज कळेल. आपल्याकडे भक्तीचे नऊ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला आठवा प्रकार सख्य भक्ती हा आहे. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात त्याचे विवरण केले आहे. अर्जुनाने कृष्णाला सखा मानले, जनाबाईने विठोबाला दळण-कांडणात सोबती केले. देव हा राजा किंवा न्यायाधीश नुसता नाही, तो मित्रही आहे, हे आपल्या रक्तातच आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण येथे आठवते. कोकणात जन्मलेले हे मराठी कवी. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ती वाचता वाचता त्यांचे मन पालटले आणि 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दूर राहिल्या. पुढे 1900 मध्ये त्यांनीही तोच मार्ग स्वीकारला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे टिळक मानीत. त्यांची ख्रिस्ती भजने अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाची आहेत. सरोवराकाठच्या आयरिश शिक्षकाला आणि कोकणातल्या मराठी कवीला एकाच ग्रंथातल्या वचनांनी धीर दिला.

स्क्रिवन यांचे शेवटचे दिवस गोड झाले असे लिहिता आले असते तर आम्हाला आनंद झाला असता; पण चरित्र सांगताना सत्य सांगावे. उतारवयात त्यांच्यापाशी पैसा नव्हता, प्रकृती ढासळली होती आणि मनाला उदासीनतेने घेरले होते. राईस लेकजवळ एका मित्राच्या घरी त्यांची शुश्रूषा चालली होती. 10 ऑगस्ट 1886 रोजी, रात्रीच्या वेळी तापाच्या भरात ते अंथरुणातून उठून बाहेर गेले. शोध घेतला तेव्हा जवळच्या पाण्यात त्यांचा मृतदेह सापडला. तहान लागून पाण्याकडे गेले, की भ्रमात तोल गेला, हे पाहायला कोणी जवळ नव्हते. वयाची सदुसष्ट वर्षे पुरी व्हायला एक महिना उरला होता. पेंगेली कुटुंबाच्या त्याच स्मशानभूमीत, एलायझाच्या जवळ, त्यांना पुरण्यात आले.

मग देवाचे वचन खोटे ठरले काय? आम्हाला तसे वाटत नाही. मनाची उदासी हा आजार आहे. ताप जसा भक्ताला येतो तशी उदासीही येते. ती आली म्हणजे श्रद्धा कमी पडली, असे कोणी कोणाला बोलू नये. आपल्या घरात असे कोणी खिन्न बसलेले असेल तर त्याला डॉक्टरकडे न्यावे, त्याच्याजवळ बसावे आणि प्रार्थनाही करावी. या गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. शांती म्हणजे डोळ्यांत कधीच पाणी न येणे, असे स्क्रिवन यांनी आईला लिहिले नव्हते. रडू आले तर कोणाकडे जायचे, हे त्यांनी लिहिले होते. आणि ज्या पाण्याने त्यांच्या आयुष्यातले पहिले सुख नेले त्याच पाण्याने त्यांनाही नेले, तरी पाण्यातून जाताना सोबत देणाऱ्यावरचा विश्वास त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे टिकवला, ही काही लहान गोष्ट नाही.

1920 मध्ये लोकांनी त्यांच्या कबरीवर स्मारक उभारले. आपल्यापैकी ज्यांची मुले टोरांटोच्या बाजूला आहेत त्यांनी कधी तिकडे गेल्यास पोर्ट होपवरून राईस लेककडे अवश्य जावे. आणि ज्यांना जाणे जमणार नाही त्यांनी निदान एवढे करावे: गावातल्या ज्या घरी कर्ता माणूस उरलेला नाही, त्या घरी या आठवड्यात एकदा जाऊन यावे, मग ते घर हिंदूचे असो, मुसलमानाचे असो की ख्रिस्त्याचे. हाताला येईल ते काम करून द्यावे.